मामांची चाळ

माझे बालपण गिरगावातल्या चाळीत गेले. चाळ म्हणजे माणसांची गर्दी, एवढेच मला ठाऊक! कांद्यांनाही चाळ लागते हे कळले ते निफाड तालुक्यात, मामांच्या मळ्यावर. जमिनीपासून हातभर उंच, बाजूंना बांबूच्या फटी, वर कौले. खालून नि दोन्ही अंगांनी वारा खेळावा अशी ती रचना पाहून मला आमच्या कोंदट जिन्याची लाजच वाटली.

मामा रोज सकाळी चाळीभोवती हुंगत हुंगत फेरी घालतात. एक कांदा नासला की शेजारच्यांना घेऊन जातो. म्हणून डोळ्यांआधी नाकाने तपासायचे. उन्हाळ कांदा चैत्र-वैशाखात चाळीत शिरतो आणि दिवाळीपर्यंत थोडाथोडा बाहेर पडतो. मामांचा हिशेब साधा : तिसरा हिस्सा काढणीलाच विकायचा, तिसरा आषाढात, उरलेला दसऱ्याच्या सुमारास. "सगळा कांदा एका दिवसावर टांगू नये," असे ते म्हणत.

२०२३ च्या आषाढात मी त्यांचा हिशेब मोडला. टोमॅटो शंभरीपार गेले होते. वर्तमानपत्रे वाचून मी ठासून सांगितले, "मामा, थांबा. कांदाही चढणार." मामा पुटपुटले, "या कांद्याने काढणीत पाऊस खाल्लाय रे." पण भाचा पडला बँकेतला! त्यांनी दुसरा हिस्सा ठेवून दिला.

ऑगस्टच्या १९ तारखेला सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले. जिल्ह्यातले लिलाव काही दिवस बंद पडले. ते सुरू होईपर्यंत मामांच्या नाकाला वास लागला होता. चाळ फोडली, तर मधला थर पाण्यासारखा, वरच्याला मोड.

ऑक्टोबरअखेर भाव खरोखरच कडाडले. माझा अंदाज अगदी बरोबर ठरला होता. फक्त विकायला कांदा उरला नव्हता. त्या पैशांत नातीच्या नर्सिंगची फी होती. ती मामींच्या पाटल्यांनी भरली.

मी तोंड लपवत गेलो. मामांनी चहा पुढे केला नि एवढेच म्हणाले, "भाव तुला कळला होता, भाच्या. कांदा कळला नव्हता."

हल्ली पिशवीतून कांदे काढताना मी एकेक हुंगून पाहतो. बायको हसते. तिला मी अजून पाटल्यांचे सांगितलेले नाही.