भीमबेटक्याच्या डोंगरावर

गेल्या फाल्गुनाच्या अखेरीस आम्हां उभयतांना भोपाळास जाण्याचा योग आला. धाकटे चिरंजीव तेथें नोकरीनिमित्त राहतात. "आतां गांवाकडचें बिऱ्हाड मोडा आणि कायमचे आमच्याकडे या," असा त्यांचा दोन वर्षांपासूनचा आग्रह. आणि "पाहूं, अजून हातपाय चालतात," हें माझें ठरलेलें उत्तर. खरें कारण मीं कोणास सांगितलें नव्हतें. सारी उमर शाळेंत पोरें शिकविण्यांत गेली. आतां गुडघे धरतात, दांत कृत्रिम, डोळ्यांवर जाड भिंगें. ज्याच्या घरीं जावें त्याच्यावर आपण ओझें होणार, ही टोंचणी मनांत होती. पुढील हकीकतीशीं तिचा संबंध आहे, म्हणूनच हें घरगुती रडगाणें येथें सांगितलें. वाचकांनीं क्षमा करावी.

एका रविवारीं भल्या पहाटे आम्ही सारीं मोटारींतून भीमबेटका पाहण्यास निघालों. भोपाळहून दक्षिणेस नर्मदापुरमकडे, म्हणजे पूर्वीच्या होशंगाबादेकडे, जाणाऱ्या सडकेवर सुमारें ४५ किलोमीटरांवर हें स्थान आहे. ओबेदुल्लागंज मागें पडलें कीं विंध्याद्रीच्या टेंकड्या दिसूं लागतात. पळस ऐन भरांत फुलले होते. सागाचीं पानें मात्र गळून गेलेलीं. भीम येथें बैठक मारून बसत असे म्हणून भीमबैठका, व तिचा अपभ्रंश भीमबेटका, अशी लोकांची समजूत आहे. पांडवांचा वनवास ज्याच्या वांट्यास आला नाहीं असा डोंगर आपल्या देशांत विरळाच!

या गुहा जगापुढें आणण्याचें श्रेय उज्जयिनीचे डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांचें. १९१९ सालीं नीमच येथें एका मराठी कुटुंबांत जन्मलेले हे चित्रकार व संशोधक १९५७ सालीं आगगाडींतून जात होते. खिडकींतून दूरचे हे खडक त्यांना दिसले, त्यांची घडण परिचित वाटली, आणि ते रान तुडवीत डोंगरावर आले. पुढें वाकणकरांनीं व पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या विद्वानांनींही येथें उत्खननें केलीं. या टापूंत ७०० हून अधिक शैलाश्रय असून त्यांपैकीं ४०० हून अधिकांत चित्रें आहेत. १९७५ सालीं वाकणकरांना पद्मश्री मिळाली व २००३ सालीं या स्थानाची गणना जागतिक वारशांत झाली. लाखाहून अधिक वर्षांपूर्वींच्या दगडी हातकुऱ्हाडींपासून ऐतिहासिक काळापर्यंत मनुष्य या खडकांच्या आश्रयास येत राहिला. असें दीर्घ वास्तव्य आपल्या किती गांवांना सांगतां येईल?

डोंगरमाथ्यावर पोंचल्यावर पायवाटेनें आंत शिरलों. प्रारंभींच जो प्रशस्त शैलाश्रय लागतो त्यास इंग्रजींत 'ऑडिटोरियम' असें नांव आहे. आपण त्यास सभामंडप म्हणूं. दोन्ही बाजूंस उंच शिळा, वर खडकाचें छत, आणि देवळाच्या गाभाऱ्यांतून यावा तसा थंड वारा. बाहेर उन्हाचा ताव वाढत होता. आंत पाऊल टाकतांच अंगावरील उपरणें सावरावें लागलें. निवारा कसा निवडावा हें त्या लोकांना कोणी शिकवावयास नको होतें.

पुढील एका खडकावर तर प्राण्यांची जत्राच भरली आहे. गवे, हत्ती, चितळ, सांबरें गेरूच्या तांबड्या व पांढऱ्या रंगांत एकमेकांवर चढलेलीं दिसतात. एका पिढीनें काढलेल्या चित्रावर दुसरीनें आपलें चित्र काढलें, त्यावर तिसरीनें. जुनीं चित्रें सुमारें दहा हजार वर्षांपूर्वींच्या मध्याश्मयुगाशीं जोडतात. घोडेस्वारांचीं चित्रें पुष्कळच अलीकडचीं आहेत. आमच्या शाळेचा फळाही असाच असे, फक्त आम्ही तो पुसून टाकीत असूं!

शेवटीं एका खडकाच्या वरच्या अंगास एक प्रचंड वराह दिसतो. त्यास शिंगें आहेत, आणि तो एका इवल्याशा माणसामागें धांवत सुटला आहे. तें चित्र पाहून आमचा अकरा वर्षांचा नातू कांहीं वेळ स्तब्ध उभा राहिला व मग म्हणाला, "आजोबा, त्या काळीं आपण इथें असतों, तर किती दिवस टिकलों असतों?"

मास्तराला प्रश्न विचारला कीं त्याचें गुडघेदुखणें थांबतें. मी एका शिळेवर बसलों व हिशेब मांडला. पहिला दिवस पाण्याचा. खडकाच्या खळग्यांत साचलेलें पाणी आपण तसेंच प्यालों असतों व रात्रभर पोट धरून बसलों असतों. दुसरा दिवस अग्नीचा. अधरारणि, उत्तरारणि आणि मंथनाची दोरी, हें सारें वर्णन मी वर्गांत तासभर करीत असें. परंतु लांकडावर लांकूड घांसून ठिणगी पाडण्याचा प्रयोग या हातांनीं एकदांही केलेला नाहीं. तिसरा दिवस भुकेचा. आणि मध्येंच चष्मा फुटला तर शेजारचें झुडूप कोणतें व वाघ कोणता हेंही कळावयाचें नाहीं. "सारांश, तीन दिवस," असें मीं उत्तर दिलें.

"तीन दिवस पुष्कळ झाले," सौ. मागून म्हणाली. "रानांत पहिलें अळू दिसतांच तुम्ही तें नुसतें उकडून खाल आणि घसा धरून बसाल!"

सर्वजण हंसले. मी मात्र विचारांत पडलों, कारण ती बोलली तें अक्षरशः खरें होतें. अळूंत व सुरणांत सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. ते जिभेला व घशाला टोंचतात. म्हणून अळू पुरतें शिजवावें, त्यांत चिंच, आमसूल किंवा ताक घालावें, हें आपल्या घरांतील प्रत्येक वृद्ध स्त्रीस ठाऊक असतें. तिला स्फटिकाचें नांव ठाऊक नसेल, पण उपाय ठाऊक आहे. मला नांव ठाऊक होतें, उपाय नव्हता. तीच गोष्ट ऋषिपंचमीची. त्या दिवशीं बैलाच्या श्रमाचें खावयाचें नाहीं, म्हणून कंदमुळें व परसांतल्या भाज्या शोधून आणतात. नांगरापूर्वीं मनुष्य काय खात होता याची वर्षांतून एकदां होणारी ही उजळणीच नव्हे काय? आजवर ती मीं निव्वळ व्रत म्हणून पाहिली होती.

जवळच एक वयस्क पहारेकरी उभा होता. तो त्याच बाजूच्या खेड्यांतला. आमचें संभाषण त्यास अर्धेंमुर्धें समजलें असावें. त्यानें नातवाला बोलावून समोरचा मोह दाखविला. याचीं फुलें चैत्रांत पहाटे गळतात, तीं वेंचून वाळविलीं म्हणजे पावसाळाभर पुरतात. चारोळी अमुक महिन्यांत, तेंदूचें फळ तमुक महिन्यांत. आणि अमुक एक कंद दिसावयास चांगला, पण विषारी, त्याचे पातळ काप करून वाहत्या पाण्यांत ठेवल्याशिवाय तोंडांत घालूं नये. सौ. आपल्या मोडक्या हिंदींत त्यास प्रश्न विचारीत होती व तो उत्साहानें उत्तरें देत होता. दोघांना एकमेकांची भाषा नीट येत नव्हती, तरी विषय एकच होता. विद्वान म्हणविणारे आम्ही पितापुत्र बाजूस उभे!

भूगोल शिकवितांना ऑस्ट्रेलियाच्या प्रकरणांत मी मुलांना एक गोष्ट सांगत असें, ती त्या वेळीं आठवली. १८६० सालीं बर्क व विल्स यांच्या नेतृत्वाखालीं एक मोठी मोहीम मेलबर्नहून निघाली. खंड ओलांडून उत्तरेच्या समुद्रापर्यंत जावयाचें होतें. उंट, बंदुका, उपकरणें, कशाचीही उणीव नव्हती. चौघे उत्तर किनाऱ्यालगत पोंचले. परततांना एक वारला. उरलेले तिघे २१ एप्रिल १८६१ रोजीं कूपर नांवाच्या ओढ्याकाठच्या तळावर आले, तों तेथील मंडळी त्याच दिवशीं सकाळीं निघून गेलेली! तो ओढा ओसाड नव्हता. यांद्रुवांधा नांवाचे लोक तेथें पिढ्यान् पिढ्या राहत होते व नार्डू नांवाच्या वनस्पतीच्या बीजकोशांचें पीठ खात होते. प्रवाशांनींही तेंच खाल्लें, पण तें पाण्यांत धुऊन निर्दोष करण्याची त्या लोकांची रीत पाळली नाहीं. पोट भरे आणि शक्ति मात्र क्षीण होत जाई. जून अखेरच्या सुमारास बर्क व विल्स मरण पावले. तिसरा, किंग, त्या लोकांच्या आश्रयास गेला, त्यांच्यांत राहिला, आणि सप्टेंबरांत शोधास आलेल्या मंडळीस जिवंत सांपडला. तिघांचा देश एक, संकट एक. फरक एवढाच कीं किंगला माणसें लाभलीं.

मग आधुनिक मनुष्य अश्मयुगांत वांचेल काय? माझें उत्तर असें आहे कीं, एकटा वांचणार नाहीं. पण एकटा अश्मयुगांतला मनुष्यही फार दिवस वांचला नसता. शरीर व बुद्धि या बाबतींत त्या चित्रकारांत व आपल्यांत भेद नाहीं. त्यांचें एखादें तान्हें मूल आज आपल्या घरीं वाढलें तर तें यथाकाल आमच्या शाळेंत येईल, पाढे म्हणेल व इतरांइतक्याच खोड्या करील. आपलें मूल त्यांच्याकडे वाढलें तर तें दहाव्या वर्षीं गारगोटीचीं पातीं पाडूं लागेल. फरक जन्माचा नसून शिकवणीचा आहे. कोणता कंद खावा हें ठरण्यापूर्वीं किती जणांचे घसे सुजले असतील, किती जण दगावले असतील! तें ज्ञान कोणा एकाच्या डोक्यांत उपजलेलें नाहीं. तें म्हाताऱ्यांनीं जपलें व मुलांनीं उचललें. ही सांखळी जेथें तुटेल तेथें बर्क आणि विल्स यांची गति ठरलेली.

परंतु ज्याला शिकारही साधत नाहीं असा पंगू मनुष्य त्या काळीं टाकून देत असतील, ही शंका माझ्या मनांतून जाईना. ती माझ्यापुरती होती. तिचें उत्तर इराकांतील शानिदारच्या गुहेंत मिळतें. वाकणकर भीमबेटक्यास आले त्याच १९५७ सालीं तेथें एका नियांडरथाल पुरुषाचा सांगाडा सांपडला. तो चाळीस हजारांहून अधिक वर्षांपूर्वींचा आहे. डाव्या डोळ्यापाशीं जबर आघात, त्यामुळें बहुधा त्या डोळ्यानें अंध, उजवा हात वाळलेला व कोपराखालीं गमावलेला, चालणें लंगडें, आणि २०१७ सालीं झालेल्या अभ्यासाप्रमाणें कानांनींही अधू. तरी या जखमा भरून येऊन तो पुढें अनेक वर्षें जगला. त्याला कोणी अन्न दिलें, कोणी सांभाळलें, याखेरीज दुसरें अनुमान संभवत नाहीं. ज्यांना आपण रानटी म्हणतों त्यांनीं आपल्या अंध, लंगड्या, बहिऱ्या माणसाला ओझें समजून टाकलें नाहीं. मग माझ्या कृत्रिम दांतांची ती काय कथा!

परततांना पुन्हां सभामंडपांतून आलों. पहारेकऱ्यानें भिंतीवर उमटलेला एक लहान मुलाचा पंजा दाखविला. चित्रांना स्पर्श करण्यास मनाई आहे. म्हणून नातवानें आपला हात भिंतीपासून वीतभर दूर धरून मापून पाहिला. तें मूल कोण, पुढें केवढें झालें, कांहींच सांगतां यावयाचें नाहीं. पण तो रंग कोणी तरी वडीलधाऱ्यानें कालविला असेल, तो इवला हात कोणी तरी मनगटाशीं धरून खडकावर दाबला असेल. मी तेथें बराच वेळ उभा होतों. गुडघे दुखत होतेच.

वाटेंत मोटारींत मीं चिरंजीवांना सांगितलें कीं, आषाढाच्या आंत आम्ही बिऱ्हाड हलवितों. त्यांनीं कारण विचारलें नाहीं व मींही सांगितलें नाहीं. वाचकांस मात्र एक विनंती आहे. आपल्या घरांतील सर्वांत वृद्ध व्यक्तीपाशीं एक संध्याकाळ बसावें. अळूंत चिंच कां, ऋषिपंचमीस कोणत्या भाज्या, दुष्काळांत त्यांच्या लहानपणीं काय खाल्लें, हें विचारावें व वहींत टिपून ठेवावें. अश्मयुगांत जाण्याचा प्रसंग कोणावर यावयाचा नाहीं. परंतु विचारावयास आपण जाऊं तेव्हां सांगणारें माणूस असेलच, असा भरंवसा कोणीं द्यावा?

नातू मागच्या आसनावर बोटें मोडीत कसला तरी हिशेब करीत होता. घराजवळ आल्यावर म्हणाला, "आजोबा, तुमचें तीन दिवसांचें उत्तर चुकलें. तुम्ही पुष्कळ दिवस टिकलां असतां. आजी बरोबर होती ना!"

उत्तर चुकल्याचे गुण मीं मुकाट्यानें कापून घेतले.