शिवी मोजणारे

एम. सी. स्टॅन कोण, हे रत्नागिरीच्या बौद्धवाड्यांतल्या पोरांना सांगावं लागत नाही. खरं नाव अल्ताफ शेख. पुण्याचा, स्टेशनालगतच्या ताडीवाला रोडच्या वस्तीतला. २०२० साली त्याचा 'तडीपार' आला, २०२२ साली 'इन्सान'. फेब्रुवारी २०२३ मध्ये टीव्हीवरचं 'बिग बॉस' जिंकून ३१ लाख ८० हजार रुपये घेऊन गेला. मग ज्यांनी जन्मात रॅप ऐकला नव्हता तेही त्याच्यावर बोलायला लागले.

'इन्सान' मी ऐकला तो पुतण्यामुळे. ऐकला, आणि मग त्याच्यावर जे जे छापलं-बोललं जातंय ते वाचत सुटलो. गाण्यापेक्षा हे बोलणंच मला जास्त चावायला लागलं. काहींची तक्रार आवाजावर यंत्र फिरवल्याची. ऑटोट्यून म्हणतात त्याला, सूर सरळ करून देतं. ती तक्रार निदान गाण्याची आहे. दुसरे नुसत्या शिव्या मोजतात. आणि तिसरे सगळ्यांत हुशार. ते मान डोलावून म्हणतात, वा, काय रांगडं, काय अस्सल! दोस्तहो, मला भीती ह्या तिसऱ्यांची वाटते. अस्सल म्हणून तूप विकतात, मध विकतात. माणसाला अस्सल म्हटलं की तो काय म्हणाला ते ऐकायची गरजच उरत नाही.

हे आपल्याला नवं आहे काय? १९७२ साली 'गोलपिठा' आला. प्रस्तावना विजय तेंडुलकरांची. तेंडुलकर निदान ढसाळांबरोबर रात्रीच्या कामाठीपुऱ्यात पायी हिंडले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारले. बाकी कित्येकांनी घरी बसून नाकाला रुमाल लावला. १९७८ साली दया पवारांचं 'बलुतं' आलं, तेव्हा आपल्यातलेच काही शिकले-सवरलेले कुरकुरले, घरची लक्तरं वेशीवर कशाला टांगली म्हणून. आज तेच शिकले-सवरलेले आपल्या पोरांना सांगतात, असलं काही ऐकू नका.

आता तर परीक्षण लिहायचीही तसदी घ्यावी लागत नाही. मार्च २०२३ मध्ये इंदूरला स्टॅनचा कार्यक्रम चालू असताना कार्यकर्ते मंचावर चढले. आरोप काय, तर गाण्यात शिव्या. कार्यक्रम बंद. पुढच्याच महिन्यात छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासेवर अंबरनाथमध्ये गुन्हा दाखल झाला. त्याच्या गाण्यात पन्नास खोके होते, चोर होते, नाव मात्र कुणाचंच नव्हतं. ज्याला टोपी बसली तो पोलीस ठाण्यात गेला. म्हणजे ह्या दोन महिन्यांत रॅपची समीक्षा केली ती जमावानं आणि ठाणे अंमलदारानं.

आणि जिथं कौतुक होतं तिथं तरी काय? तमिळनाडूचा अरिवू. २०२१ साली त्याचं 'एन्जॉय एन्जामी' देशभर वाजलं. शब्द त्याचे, आणि त्यात त्याची आजी, श्रीलंकेच्या चहामळ्यात राबलेली वल्लियम्माळ. त्याच वर्षी ऑगस्टात 'रोलिंग स्टोन इंडिया'च्या मुखपृष्ठावर गाण्यातली दुसरी गायिका झळकली, अरिवू नव्हता. पा. रंजित बोलले, गदारोळ झाला, मग अरिवूचं वेगळं मुखपृष्ठ निघालं. गाणं उचललं, गाणारा उंबऱ्याबाहेर. ह्याला आपल्या बोलीत जुना शब्द आहे, तो लिहायची गरज नाही.

पण म्हणून मी स्टॅनची आरती ओवाळणार नाही. घरात तो वाजत होता तेव्हा माझ्या वहिनीनं भांडी घासता घासता विचारलं, "भावजी, ह्याचं भांडान पोलिसाशी, गरिबीशी. मंग शिवीत दरवेळी आयबहीनच कशी येते?" तिला काय सांगणार, वहिनी, हा विद्रोह आहे? १९३० च्या दशकात नाशिकचे भीमराव कर्डक जलसा घेऊन गावोगाव फिरले. त्या जलशांनीही आपल्याच माणसांना सोलून काढलं. दारू सोडा, मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला. बोचत होतं, तरी बाया पुढं बसून ऐकत. वहिनीचा प्रश्न त्या बायांच्या जागेवरून आलाय. एकाही परीक्षणात तो मला दिसला नाही.

आमच्या कोकणात ऐकणाऱ्याला गाणं पारखायची सवय जुनी आहे. जाखडीत शक्ती-तुऱ्याचे सामने. एका बाजूनं गाण्यात कोडं टाकायचं, दुसऱ्यानं गाण्यातच उत्तर द्यायचं, वर टोमणा मारायचा. धर्मांतरानंतर आमच्या वाडीत जाखडी सुटली, घुंगरू पेटीत गेले, पण सामना सुटला नाही. भीमगीतांचे, कव्वाल्यांचे दुरंगी सामने रात्र-रात्र चालायचे. शब्द फसला की मांडवातून आवाज यायचा, "उत्तर न्हाई आलं!" गायक चिडायचा, पण पुढच्या कडव्यात उत्तर घेऊन यायचा. ह्या कानांना रॅप समजावून सांगावा लागत नाही.

पुतण्यानं गेल्या वर्षी स्वतः एक रॅप लिहिला. शिवी एकही नाही. वाडीची बोली, बंदर, आईवर दोन ओळी. एका स्पर्धेत म्हटला. परीक्षकानं कागदावर लिहिलं, भाषा: दहापैकी दोन. कारण काही नाही. पोरानं तो कागद घडी करून वहीत ठेवला आणि दोन महिने वही उघडली नाही.

शेवटी मीच त्याला आबांकडं घेऊन गेलो. आबा जुने गायक, दम्यानं आता बसूनच असतात. पोरानं खाली मान घालून म्हटलं. आबा डोळे मिटून ऐकत होते. परत म्हणायला लावलं. मग म्हणाले, "बोल बरं हायत. पन तिसऱ्या वळीला तुजा दम तुटतो. दोन सबूद जास्ती हायत थितं. आनि आयचं नाव घेतलंस, काम न्हाई सांगितलंस. काय करते ती?"

"कोळंबी सोलते. कंपनीत."

"हात कुठं असतो तिचा?"

"बर्फात. दिवसभर."

"मंग त्यो बर्फ कुठाय गान्यात?"

पुतण्यानं माझ्या खिशातलं पेन घेतलं आणि तिसऱ्या ओळीतले दोन शब्द खोडले.