आधी माप, मग नाव

ऑक्टोबरचा पहिला रविवार जवळ आला, की इटलीतील गायोले इन किआंती या गावात पाय ठेवायला जागा उरत नाही. जेमतेम तीन हजार वस्तीचे हे गाव सिएना शहरापासून सुमारे २८ किलोमीटरवर, तस्कनीच्या टेकड्यांत वसलेले आहे. चहूबाजूंना द्राक्षांचे मळे, ऑलिव्हची झाडे आणि सुरूसारख्या उंच सायप्रसच्या रांगा. एरवी गावात शांतता असते. पण या दिवसांत गल्लीगल्लीत भिंतींना टेकून सायकली उभ्या राहतात. निळ्या, केशरी, लाल, चकचकीत. आणि त्या सगळ्या जुन्या असतात!

या मेळ्याचे नाव ‘लेरोइका’, म्हणजे पराक्रमाची, वीरश्रीची. यात भाग घ्यायचा तर सायकल साधारणपणे १९८७ किंवा त्यापूर्वीच्या बनावटीची हवी. गिअरच्या कळा फ्रेमच्या तिरप्या नळीवर, ब्रेकच्या तारा हँडलबाहेरून आलेल्या आणि पायडलला पाऊल अडकवायचा पट्टा, असा थाट लागतो. अंगात जुन्या पद्धतीची लोकरी जर्सी. पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक मात्र इथे नसतात, कारण ही शर्यतच नव्हे.

रस्ते वाचावेत म्हणून

जियानकार्लो ब्रोची यांनी १९९७ मध्ये याची सुरुवात केली, तेव्हा सायकलस्वार होते अवघे ९२. त्यांच्या मनात सायकलींइतकेच रस्तेही होते. या भागात पांढऱ्या खडीचे जुने कच्चे रस्ते आहेत. त्यांवर एकामागून एक डांबर पडत चालले होते. ज्या रस्त्यांवर इटलीचे जुने सायकलवीर धूळ खात घडले, ते रस्ते पुसले जाऊ नयेत, अशी त्यांची तळमळ होती. रस्ता वापरात राहिला तर टिकेल, हा साधा विचार. आज जगभरातून हजारो हौशी मंडळी येथे येतात. या पांढऱ्या रस्त्यांवर २००७ पासून व्यावसायिक स्पर्धकांची शर्यतही भरू लागली.

बाजारातला मोह

रविवारच्या आधी गावात जुन्या सामानाचा बाजार भरतो. चेनची चक्रे, ब्रेक, चामडी सीट, जर्सी आणि नुसत्या फ्रेमसुद्धा! अनेकजण फ्रेम एका ठिकाणी, चाके दुसरीकडे, गिअर तिसरीकडे अशी जुळवाजुळव करत वर्षभर एक सायकल उभी करतात. मग भिंतीशी ती टेकवून ‘हा ब्रेक कुठे सापडला, ही सीट कुणी दिली’ याच्या कहाण्या रंगतात. भाषा वेगळ्या असल्या तरी बोट दाखवले की पुरते.

नवख्या माणसाची फसगत होते ती फ्रेम घेताना. नामांकित कारागिराची अक्षरे, सुंदर रंग, आवाक्यातली किंमत. एवढ्यावर तो भुलतो. जाणकार मात्र आधी नाव पाहत नाहीत, माप पाहतात.

आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या घरात एकच सायकल असे. वडील ती कामावर नेत आणि संध्याकाळी मुलगा दांड्याखालून पाय घालून, हाफ पायडल मारत तीच शिके. माणसाने सायकलीच्या मापाचे व्हायचे, अशी आपली रीत! इटलीतील जुने कारागीर याच्या उलट करत. गिऱ्हाईक आले की शिंप्यासारखी टेप काढायची. पाय, धड, हात, खांदे मोजायचे आणि मग नळ्या कापायच्या.

तयार फ्रेम घेणाऱ्यासाठीही एक सोपा आडाखा आहे. अनवाणी उभे राहून जमिनीपासून जांघेपर्यंत माप घ्यायचे आणि त्याला ०.६५ ने गुणायचे. माप ८० सेंटिमीटर आले, तर सीटची नळी सुमारे ५२ सेंटिमीटरची हवी. पण तेवढ्याने भागत नाही. सीट वरखाली करता येते. वरच्या दांड्याची लांबी मात्र बदलता येत नाही. दांडा फार लांब असला की हात ताणून धरावे लागतात आणि मान, कंबर, तळवे दुखू लागतात.

दोऱ्याची परीक्षा

बैलबाजारात जाणकार जसे बैलाचे दात पाहतात, तशी इथे फ्रेमची पारख चालते. तिरप्या नळीच्या खालच्या अंगाला, हँडलजवळ, बोट फिरवतात. सुरकुती लागली तर सायकल कधीतरी समोरून आदळली आहे, असे समजावे. चांगल्या फ्रेमच्या पोलादी नळ्या टोकांना जाड आणि मध्ये पातळ असतात. सांध्याजवळ ताण जास्त, म्हणून तेथे जाडी. मध्ये वजन वाचवायचे. अशा नळ्यांसाठी १९१९ मध्ये स्थापन झालेली मिलानची कोलंबुस कंपनी प्रसिद्ध आहे. सांधे पितळेच्या किंवा चांदीच्या झाळाने जोडलेले असतात. तेथे बारीक चीर नाही ना, हेही नीट पाहावे लागते.

मग दोऱ्याची परीक्षा. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरा बांधायचा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून तो दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणून आणायचा. सीटच्या नळीपासून दोन्ही बाजूंचे अंतर सारखे भरले, तर फ्रेम सरळ. एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त भरले, तर ती वाकडी.

आटेही पाहावे लागतात. क्रँकचा अ‍ॅक्सल बसतो तेथे इटालियन फ्रेमचे दोन्ही आटे उजवे असतात, तर इंग्लिश फ्रेमचे चेनकडचे आटे उलटे. एकीचे सुटे भाग दुसरीला बसत नाहीत. हे ठाऊक नसले की घरी गेल्यावर पश्चात्ताप!

निकाल रस्त्यावर

सर्वांत लांब मार्ग २०९ किलोमीटरचा. त्यावरची मंडळी पहाटेच्या अंधारात निघतात. इटलीचे दुसरे पंतप्रधान बेत्तिनो रिकासोली यांच्या घराण्याचा ब्रोलियो किल्ला लागतो, तेव्हा चढावर दुतर्फा मशाली तेवत असतात. पुढे उजाडते आणि पांढरी धूळ उडू लागते. वाटेतल्या ठाण्यांवर वहीत शिक्का मारून घ्यायचा. तेथे बिस्किटांच्या पुड्यांऐवजी शिळा पाव, घेवडा आणि भाज्यांचे ‘रिबोलिता’ नावाचे दाट सार, चीज आणि जॅम लावलेला पाव मिळतो. लहान मार्गही आहेत, त्यामुळे वयस्क मंडळीही निघतात.

मोंते सान्ते मारिए येथील चढउतारावर भलेभले सायकलवरून उतरतात. फ्रेमवरचे सुंदर नाव येथे कामाला येत नाही. दोन मापे मोठी फ्रेम भावात मिळाली म्हणून घेणारा पाठ चोळत चालत असतो, आणि कुणी आपल्या मापाच्या, रंग उडालेल्या सायकलवर बसून हळूहळू पुढे निघून जातो.

कसे जाल?

फ्लॉरेन्स किंवा सिएनाला रेल्वेने जाऊन पुढे बसने वा मोटारीने गायोले गाठता येते. मेळ्याच्या दिवसांत मुक्कामाची सोय बरीच आधी करावी लागते. गर्दी नको असेल तर एरवी जावे. लेरोइकाचा मार्ग खुणांच्या पाट्यांनी कायमचा आखलेला आहे.

आणि इतक्या लांब जाणे जमले नाही तर? आजोबांची रॅले किंवा हर्क्युलस अजूनही कुणाच्या पडवीत, कुणाच्या माळ्यावर गंजत पडलेली असते. ती भंगारात देण्यापूर्वी एकदा खाली उतरवून पाहावी. फ्रेम सरळ आहे की नाही हे कळायला एक दोरा लागतो आणि तो घरातच असतो.