न धुतलेला रोल

वाचकहो, आपल्यापैकी काहींच्या घरी, कपाटाच्या वरच्या कप्प्यात किंवा जुन्या पत्र्याच्या पेटीत, काळ्या प्लॅस्टिकची एक छोटी डबी अजूनही असेल. झाकण उघडले की आत ३५ मिलिमीटर फिल्मचा एक रोल. पट्टीचे टोक आत ओढले गेलेले आहे, म्हणजे रोल वापरलेला आहे. मात्र तो धुवायला टाकायचे राहून गेले आहे. त्यात काय आहे, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. अशा रोलांविषयी मला आज आपल्याशी बोलायचे आहे. माझ्या हातून असे सहा रोल नासले आणि एक वाचला.

२००४ साली मी आईला घेऊन न्यू जर्सीला ताईकडे गेलो होतो. आईचा तो पहिला आणि शेवटचा परदेशप्रवास. नऊवारी नेसलेली आई अटलांटिकच्या पाण्यात पावले बुडवून उभी राहिली, ताईच्या परसात तिने मेथी पेरली, शेजारच्या गोऱ्या बाईला खुणांनी पुरणपोळी लाटायला शिकवली. वडिलांचा जुना कॅमेरा माझ्या गळ्यात होता. हे सारे मी सहा रोलांत साठवले.

परतीच्या आदल्या रात्री सामान भरताना मला एक शंका आली. विमानतळावर हातातली बॅग क्ष-किरणांच्या यंत्रातून जाते आणि त्याने फिल्म खराब होते, असे कुठेतरी ऐकले होते. मग मी काय केले? ते सहा रोल विमानाच्या पोटात जाणाऱ्या मोठ्या बॅगेत, आईच्या लुगड्यांच्या घड्यांमध्ये अगदी तळाशी ठेवले. वस्तू जितकी खोल, तितकी सुरक्षित, असा आपला साधा घरगुती हिशेब असतो. तोच मी केला.

कऱ्हाडला आल्यावर रोल धुवायला टाकले. दोन दिवसांनी स्टुडिओवाल्याने निगेटिव्ह उजेडासमोर धरले आणि विचारले, “रोल उघडला होता का कुठं?” पट्टीभर बोटाएवढ्या रुंदीचे करडे पट्टे पसरले होते. ते सरळ नव्हते. लाटेसारखे वरखाली होत एका चौकटीतून दुसऱ्या चौकटीत शिरत होते. एका ठिकाणी लुगड्याचा काठ ओळखू येत होता, एका ठिकाणी नुसते पाणी. आईचा चेहरा कुठेच धड नव्हता.

आई रोज विचारी, “आले का रे फोटो?” मी म्हणे, “येतील. गर्दी आहे त्याच्याकडं.” काही दिवसांनी तिने विचारणे सोडले. दोन वर्षांनी ती गेली. रोल नासल्याचे मी तिला सांगितले नाही, ते नाहीच.

पुढे मी या प्रकाराचा नीट शोध घेतला. जे समजले ते आपल्यालाही समजावे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. फिल्मवर चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म कण पसरलेले असतात. कॅमेऱ्याची झडप क्षणभर उघडते, प्रकाश त्या कणांवर पडतो आणि तिथे एक अदृश्य प्रतिमा उमटते. रोल रसायनात धुतला जाईपर्यंत ती तशीच दडून राहते. या काळात फिल्मवर आणखी काही पडले, तर तेही तिच्यात नोंदले जाते. काळी डबी प्रकाशाला अडवते, क्ष-किरणांना नाही. किंबहुना क्ष-किरण आणि फोटोची काच यांचे नाते जन्मापासूनचे आहे. १८९५ साली विल्हेल्म रोंटगेन यांनी हे किरण शोधले, तेव्हा आपल्या पत्नीच्या हाताची हाडे आणि बोटातली अंगठी त्यांनी अशाच रसायन लावलेल्या काचेवर उमटवून दाखवली होती. इस्पितळात आपल्या उपयोगी पडणारा फिल्मचा हा गुण प्रवासात मात्र तिच्याच मुळावर येतो.

माझी चूक कुठे झाली, तेही उमगले. हातातल्या सामानासाठी असलेल्या जुन्या पद्धतीच्या यंत्रांतले किरण त्या मानाने सौम्य असतात. शंभर, दोनशे, चारशे अशा वेगाच्या फिल्मला त्यातून एकदोनदा गेल्याने सहसा डोळ्यांना दिसेल असा अपाय होत नाही. पण हा परिणाम साठत जातो. चार विमाने बदलली, तर चार वेळांची बेरीज होते. आणि आठशे किंवा त्याहून अधिक वेगाची फिल्म तर फारच हळवी असते. मोठ्या सामानाची यंत्रे मात्र कितीतरी प्रखर असतात. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर अमेरिकेत असे सारे सामान स्फोटकांसाठी तपासणे कायद्याने बंधनकारक झाले. त्यांतली काही यंत्रे संशयास्पद वाटलेल्या भागावर किरणांचा अरुंद, तीव्र झोत फिरवतात. सरळ झोत गुंडाळलेल्या पट्टीच्या वेढ्यांतून आरपार जातो. मग पट्टी उलगडली की त्याची लाट झालेली दिसते. म्हणजे हातातल्या बॅगेची भीती बाळगून मी ते रोल स्वतःच्या हाताने त्याहून मोठ्या धोक्यात ठेवले होते.

शिशाचे अस्तर असलेल्या पिशव्या बाजारात मिळतात. त्यांवरही फार विसंबू नये. पडद्यावर ती पिशवी काळ्या ठोकळ्यासारखी दिसते आणि तपासनिसाचा संशय वाढतो. प्रखर यंत्रापुढे तर तिचा पुरेसा निभावही लागत नाही. अलीकडे अनेक विमानतळांवर हातातल्या सामानासाठीही सीटी स्कॅन पद्धतीची यंत्रे आली आहेत. त्यांतून न धुतलेली फिल्म एकदाही नेऊ नये. एकदा धुतलेल्या निगेटिव्हला किंवा डिजिटल कॅमेऱ्याच्या कार्डाला मात्र या तपासणीने काही होत नाही.

हे ज्ञान उपयोगी पडण्याची वेळ फार उशिरा आली. २०२२ साली दाजींच्या निधनानंतर मी पुन्हा ताईकडे गेलो. त्यांचे कपाट आवरताना तिला एक डबी सापडली. आत चारशे वेगाचा कृष्णधवल रोल होता, वापरलेला आणि न धुतलेला. कधीचा, ते तिला आठवेना. मी म्हणालो, “इथेच धुऊन घे. सर्वांत सुरक्षित तेच.” ती म्हणाली, “अनोळखी माणसाच्या हातात नाही देणार मी. तू घरी धुतोस ना? तूच धू.” त्या सहा रोलांनंतर कृष्णधवल फिल्म धुण्याची कला मी खरोखरच शिकून घेतली होती. टपालाचा मार्गही नको होता. वाटेत पार्सलेही तपासली जातात.

या वेळी रोल डबीतून काढून पारदर्शक पिशवीत ठेवला. विमानतळावर नेहमीपेक्षा तासभर आधी पोहोचलो. बॅग पट्ट्यावर ठेवण्याआधीच पिशवी हातात धरून तिथल्या बाईंना म्हणालो, “ही न धुतलेली फिल्म आहे. कृपया हातानेच तपासाल का?” त्यांनी माझ्याकडे पाहिले, रोल उलटसुलट केला, त्यावरून कापडाची एक चिंधी फिरवली, ती दुसऱ्या एका यंत्राला दाखवली आणि रोल परत दिला. सारे मिळून पाच मिनिटेही लागली नाहीत. अठरा वर्षांपूर्वी हे एक वाक्य मला उच्चारता आले असते, तर! मुंबईत उतरल्यावर बाहेर पडण्याच्या वाटेवर पुन्हा एक यंत्र होते. तिथेही तीच विनंती केली. प्रत्येक ठिकाणी ती मान्य होईलच, असे नाही. निर्णय तपासनिसाचा असतो, आणि घाईने किंवा आवाज चढवून विचारल्यास तो बहुधा आपल्या विरुद्ध जातो.

घरी अंधारात रोल टाकीत चढवला, रसायन ओतले आणि घड्याळाकडे पाहत उभा राहिलो. पट्टी बाहेर आली तेव्हा ती काळवंडलेली होती. पण हा काळपटपणा वयाचा होता, त्यात लाटा नव्हत्या. छत्तीसपैकी अकरा चौकटी वाचता आल्या. बहुतेक ताईच्या मुलांच्या. नवव्या चौकटीत परसातली दोरी होती, तिच्यावर वाळत घातलेले लुगडे होते, शेजारी कमरेवर हात ठेवून उभी असलेली आई होती, आणि तिच्यासमोर गुडघा टेकून, डोळ्याला कॅमेरा लावून बसलेला मी.

मी त्या क्षणी काढत असलेला फोटो त्या सहा रोलांपैकी कुठल्यातरी एकात होता. तो गेला. पण तो काढला जात असताना आई हसत होती, एवढे आता मला पाहता येते.

वाचकहो, आज घरी गेल्यावर ती पेटी उघडून पाहा. डबी सापडली तर ती धुवायला द्या. आणि प्रवासाला न्यावीच लागली, तर बॅगेच्या तळाशी दडवू नका. हातात धरा, आणि रांगेत आपली पाळी येण्यापूर्वी विचारा.