आमच्या जीपचे इंजेक्शन

या वार्षिकासाठी संपादकांनी मजकडे लेख मागितला, तेव्हा मी एखाद्या सद्गुणावर चार पाने लिहून देईन अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु गेली दोन-तीन वर्षे माझ्या घरात दुसरा विषयच नव्हता. शाळेच्या आवारात उभी राहणारी जुनी जीप सर्वांनी पाहिली आहे. तिला 'इंजेक्शन' दिल्याची वार्ताही सर्वांच्या कानी गेली आहे. पाचवीतील एका मुलाने "सर, ती रडली का?" असे विचारल्यापासून या प्रकरणाचा खुलासा करणे मला भागच आहे.

जीप 1972 सालची. लष्करी लिलावातून फिरत फिरत ती 1986 साली माझ्या वडिलांकडे आली. वडील आयुष्यभर मोटारचालक. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी ती दुरुस्तीसाठी म्हणून खोलली आणि मग ती बारा वर्षे खोललेलीच राहिली. 2022 सालच्या नाताळच्या सुटीत आम्ही बापलेकांनी पेट्यांतून भाग काढून ती पुन्हा जोडली. यात मोठेसे नवल नाही. जीप या देशात मुळी पेट्यांतूनच आली. 1949 साली महिंद्र कंपनीने अमेरिकेतील विलिस कंपनीचे सुटे भाग आणवून मुंबईस माझगाव येथे त्या जोडावयास आरंभ केला होता. आमची जीप त्यानंतरच्या उंच बॉनेटच्या जातीची. तिचे इंजिन चार सिलिंडरांचे, 2.2 लिटरचे, पेट्रोलवर चालणारे.

पुढच्या मे महिन्यात एके दुपारी बाबांच्या छातीत दुखू लागले. हिंगणघाटाहून सेवाग्रामच्या रुग्णालयाकडे त्यांस जीपमधून घेऊन निघालो. आमच्या जिल्ह्याचे मे महिन्यातील ऊन मी वर्णावयास नको. पारा पंचेचाळीसच्या पुढे जातो. वाटेत रस्त्याच्या कामापाशी गाड्यांची रांग लागली, दहा मिनिटे थांबलो, आणि इंजिन बंद पडले ते पुन्हा सुरू होईना. मी बॉनेट उघडून नुसताच पाहत उभा राहिलो. तेव्हा रोगी स्वतः खाली उतरला, गळ्यातील दुपट्टा पिण्याच्या पाण्यात भिजविला आणि पेट्रोलच्या पंपावर गुंडाळला. पाच मिनिटांनी जीप सुरू झाली. त्या पाच मिनिटांत माझ्या मनाची जी अवस्था झाली ती मी येथे लिहीत नाही. बाबा देवाच्या दयेने वाचले; परंतु त्या दिवशी मी मनाशी ठरविले की, हे असे पुन्हा होता कामा नये.

झाले होते ते एवढेच. पेट्रोल जळावयाचे तर ते हवेत ठराविक प्रमाणात मिसळावे लागते; वजनाने एक भाग पेट्रोल तर 14.7 भाग हवा. जुन्या गाडीत हे काम कार्बुरेटर करतो. हवा अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तेथे दाब उतरतो आणि बारीक छिद्रातून पेट्रोल आपोआप वर ओढले जाते. टाकीतून त्याच्यापर्यंत पेट्रोल आणणारा पंप इंजिनलाच चिकटलेला असतो. इंजिन तापले की नळीतले पेट्रोल उकळून त्याची वाफ होते, आणि पंपाला द्रव ओढता येतो, वाफ ओढता येत नाही. इंजेक्शनच्या पद्धतीत विजेचा पंप टाकीपाशीच बसवितात. तो सुमारे तीन बार दाबाने पेट्रोल पुढे ढकलतो, म्हणून ते सहसा उकळत नाही. आणि एक लहानसा संगणक क्षणोक्षणी हिशेब करून झडप किती वेळ उघडावी हे ठरवितो.

शिवाय पेट्रोलही पूर्वीचे राहिले नाही. 2025 पासून देशभर बहुतेक पंपांवर 20 टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला हवा कमी लागते, एकास सुमारे नऊच भाग. कार्बुरेटरचे छिद्र पूर्वीच्या पेट्रोलाच्या मापाने पाडलेले. त्यास ही बदललेली गोष्ट कोण सांगणार?

माझा एक माजी विद्यार्थी वर्ध्यास गॅरेज चालवितो. त्याने इंजेक्शनची सूचना केली तेव्हा बाबा खाटेवरून उठून बसले.

"माह्या कानाले जे समजते ते तुह्या डब्ब्याले समजन का? अन् रस्त्यात बंद पडली तर ते डब्बं कोन उघडन?"

"मी उघडीन ना, आजोबा."

"अन् तू पुन्याले गेल्यावर?"

यावर आम्हा दोघांजवळ उत्तर नव्हते. आमच्या जिल्ह्यातील हुशार मुले पुण्यास जातात, हे मी शिक्षक या नात्याने वीस वर्षे पाहतो आहे.

त्याच सुमारास आठवीच्या वर्गास घेऊन मी वर्ध्याच्या मगन संग्रहालयात गेलो होतो. गांधीजींच्या हस्ते 1938 साली उघडलेल्या या संग्रहालयातील चरखे मुलांस दाखविताना मला 1929 सालच्या बक्षिसाची आठवण झाली. उत्तम चरखा करून देणाऱ्यास अखिल भारत चरखा संघाने एक लाख रुपये जाहीर केले होते. अटी मोठ्या मार्मिक होत्या: किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी, खेड्यातील साध्या घरात चालावा, बाईमाणसास आठ तास फार न थकता चालविता यावा, वीस वर्षे टिकावा, आणि वर्षाचा दुरुस्तीखर्च किमतीच्या 5 टक्क्यांवर जाऊ नये. ते बक्षीस कोणासही मिळाले नाही. परंतु यंत्र विकत घेण्यापूर्वी त्यास कोणते प्रश्न विचारावेत हे त्या अटींवरून समजते. घरी येऊन मी वहीत आमच्या अटी लिहिल्या. पहिली अट बाबांची: रस्त्यात उघडता आले पाहिजे.

या अटींपुढे एकेक संच उभा करून पाहिला. परदेशी तयार संच दिसावयास फार सुबक. स्वतःच शिकून घेतात असा त्यांचा लौकिक. परंतु आम्ही पाहिले ते बहुतेक आठ सिलिंडरांच्या बलाढ्य अमेरिकन इंजिनांसाठी बांधलेले होते. आमच्या सत्तर अश्वशक्तीच्या इंजिनास ते लावणे म्हणजे हंड्याने वाटीत दूध ओतणे. इंजिन मंद चालत असता लागणारा थेंब त्यांच्याने नेमका सुटत नाही. दुसरा मार्ग, भंगारातील एखाद्या मोटारीचे मूळ इंजेक्शन काढून बसविणे. ते स्वस्त पडते; पण त्याचा संगणक आपल्याच इंजिनाचा हिशेब जाणतो आणि कारखान्याबाहेरच्या माणसास तो सहसा बदलू देत नाही. शिवाय आमच्या इंजिनात हवेच्या वाटा सिलिंडर हेडच्या पोटातच ओतलेल्या आहेत. प्रत्येक सिलिंडरास निराळी झडप बसवावी कोठे? तेव्हा कार्बुरेटरच्या जागीच एक झडप बसविणे एवढाच मार्ग उरला. संगणक म्हणून मेगास्क्वर्ट व स्पीडुइनो ही दोन नावे पुढे आली. दोन्ही हौशी लोकांनी स्वतः जोडण्यासाठी निर्मिलेले. पैकी स्पीडुइनोचा तर आराखडा व आज्ञावली कोणासही खुली आहे. आम्ही तोच घेतला.

मध्यंतरी बाबांच्या बाजूने एक पुरावा मीच दिला. ज्या जमनालाल बजाजांचे नाव वर्ध्यात घरोघर ठाऊक आहे, त्यांच्या घराण्याच्या कंपनीने 2007 साली पल्सर 220 ही मोटारसायकल इंजेक्शनसह आणली आणि 2009 साली तीच पुन्हा कार्बुरेटरवर आणली. हे ऐकून बाबांस विलक्षण आनंद झाला. एप्रिल 2020 पासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम आले व नव्या दुचाकी जवळजवळ सर्व इंजेक्शनवर गेल्या, हे मी पुढे सांगितले ते त्यांनी ऐकले की नाही कोण जाणे.

एक अडचण कायद्याचीही होती. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील गाडीची 'विंटेज' म्हणून नोंद करता येते; पण ती मूळ रूपात असली पाहिजे, आणि मग रोजच्या वापरास काढता येत नाही. मी बाबांस विचारले. ते म्हणाले, शोभेची गाडी त्यांस नको. सबब साधी नोंदणीच दर पाच वर्षांनी नवी करीत राहावयाचे ठरले.

जोडणीस दोन महिन्यांचा पगार व तीन महिन्यांचे रविवार सोडून सर्व सुटीचे दिवस गेले. जुन्या डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला, टाकीकडे परत जाणारी नळी आली, रबरी नळ्या सर्व बदलल्या. दाबाखालचे पेट्रोल ही थट्टा नव्हे. इंजिन थांबताच पंपही थांबला पाहिजे, ही व्यवस्था आम्ही तीनदा तपासली. ठिणगीची योजना मात्र जुनीच ठेवली, बाबांस हात घालावयास काही उरावे म्हणून. त्यानेच प्रथम घात केला. कॉइलवरून संगणकास जाणाऱ्या तारेत इतका गोंधळ शिरे की, इंजिन मंद चालत असता पडद्यावर मिनिटास सहा हजार फेरे दिसत आणि पेट्रोल नुसते वाहत असे. जाळीदार आवरणाची तार घालून ती दूर वळविली तेव्हा शांतता झाली. या एका तारेपायी आमची दिवाळीची सुटी खर्ची पडली!

नंतर कोष्टक भरावयाचे. इंजिनाचे फेरे एका बाजूस, आत येणाऱ्या हवेचा दाब दुसऱ्या बाजूस. सोळा गुणिले सोळा, म्हणजे 256 घरे, आणि प्रत्येक घरात किती पेट्रोल द्यावे याचा आकडा. मी गाडी चालवी, विद्यार्थी मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी बसे, बाबा मागे. धुराड्यातील प्राणवायू मोजणारा सेन्सर प्रमाण दाखवीत असे. समुद्रपूरच्या रस्त्यावरील एका चढावर बाबा मागून म्हणाले, "इथं उपाशी हाय ते." पडद्यावर पाहिले तो मिश्रण खरोखरच विरळ झालेले. विद्यार्थ्याने घरातील आकडा वाढविला. त्यानंतर प्रत्येक चढावर तो प्रथम मागे वळून पाही व मग पडद्याकडे. पाच वेळा सेन्सर व बाबा यांचे मत जुळले नाही. त्यांपैकी चार वेळा सेन्सर बरोबर होता, आणि एकदा सेन्सरजवळचा सांधा गळत होता.

सर्व तारांचा नकाशा कापडावर चिकटवून बॉनेटच्या आतल्या बाजूस लावला आहे. नववीतील दोन मुले तो पाहून फ्यूज व रिले बदलावयास शिकली आहेत. जुना कार्बुरेटर, त्याचे गास्केट, चार नट व पाना एका डब्यात घालून मागच्या आसनाखाली ठेविला आहे; जुना पंपही जागचा हलविलेला नाही. इंजेक्शन काढून कार्बुरेटर बसवावयास आम्हास गॅरेजात पाऊण तास लागला. बाबा म्हणतात, त्यांच्या तरुणपणी अर्धा लागला असता. विद्यार्थी गेल्या जूनमध्ये पुण्यास नोकरीस गेला.

या मे महिन्यात बाबांस तपासणीसाठी पुन्हा सेवाग्रामला नेले. त्याच जागी, तशाच उन्हात रांग होती. इंजिन वीस मिनिटे मंद चालत राहिले, आवाजही बदलला नाही. बाबा पुढे बसले होते. उतरताना पाहिले तो त्यांच्या मांडीवर स्टीलच्या डब्यात दुपट्टा होता, घरूनच भिजवून आणलेला.