मनाची रोजकीर्द

आपल्या भाषेत 'वेड' हा शब्द मोठा लाडका आहे. नाटकाचे वेड, क्रिकेटचे वेड, गाण्याचे वेड; यांतले एखादे तरी ज्याला नाही, तो माणूस आपल्याला जरा अळणीच वाटतो. आई लेकराला कुशीत घेऊन 'वेडा गं बाई माझा' म्हणते. संतांनी तर देवाचे पिसे लागण्यात धन्यता मानली. वर्गात या शब्दाच्या छटा मी फळ्यावर लिहू लागते तेव्हा मुले खुशीत हसतात. शेवटची छटा लिहिली की मात्र वर्ग गप्प होतो. कारण ज्याला खरोखरच मनाचा आजार झाला आहे, त्याच्या वाट्याला हा लाडका शब्द शिवी होऊन येतो. त्या शेवटच्या छटेशी माझा पंधरा वर्षांचा परिचय आहे; आणि दिवाळीच्या दिवसांत, चिवड्याची बशी शेजारी ठेवून वाचायच्या पानांतच त्याविषयी लिहावे, असे मी यंदा ठरवले.

माझ्या आजाराला डॉक्टर 'बायपोलर' म्हणतात. जुने नाव उन्माद-अवसाद. एका टोकाला उन्माद आणि दुसऱ्या टोकाला अवसाद, अशी ही मनाची दोन टोके. अवसाद म्हणजे दुःख, अशी पुष्कळांची समजूत असते. दुःख परवडले! दुःखाला निदान कारण असते, अश्रू असतात. अवसादात वेणी घालायला हात वर उचलणे हेही गड चढण्याइतके अवघड होते आणि आपण नसतो तर घर सुखी झाले असते, हे गणितातल्या उत्तरासारखे स्वच्छ दिसू लागते. उत्तर साफ चुकीचे असते, पण दिसते स्वच्छ. आणि उन्माद? त्यात झोप उडते असे नव्हे. झोपेची गरजच उरली नाही असे वाटते. बोलणे भरधाव सुटते, पैसा हातात ठरत नाही, आणि जगातल्या साऱ्या गोष्टींचा एकमेकींशी असलेला गुप्त संबंध केवळ आपल्यालाच उमगला आहे, अशी खात्री होते.

या आजाराचा पाया औषधावर उभा आहे, हे मी आधीच सांगून टाकते. मला लिथियम चालते. हा मिठाच्या कुळातला पदार्थ. उन्मादावर त्याचा उपयोग होतो हे ऑस्ट्रेलियातील जॉन केड या डॉक्टरांनी १९४९ साली प्रसिद्ध केले. औषध गुणी, पण तितकेच मानी. रक्तातले त्याचे प्रमाण कमी पडले तर उपयोग नाही आणि थोडे वाढले तर विषबाधा. म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते, मूत्रपिंडावर आणि थायरॉइडवर लक्ष ठेवावे लागते. मीठ-पाण्याशी तर त्याचे नाते सख्ख्या भावंडांचे. शरीरातले पाणी किंवा मीठ घटले, की मूत्रपिंडे लिथियम धरून ठेवतात आणि त्याचे रक्तातले प्रमाण वर चढते. या साध्या गोष्टीने आमच्या घरात केवढा पेच उभा केला, ते पुढे सांगते.

औषधाने घराच्या भिंती उभ्या राहतात. आत नांदायचे कसे, हे निराळे शिकावे लागते. ते मला समुपदेशनाच्या खोलीत शिकायला मिळाले. अमेरिकेतील मार्शा लिनेहान या मानसशास्त्रज्ञ बाईंनी भावनांच्या लाटेत वाहून जाणाऱ्या माणसांसाठी काही कौशल्ये रचली आणि १९९३ साली ती पुस्तकरूपाने मांडली. पुढे २०११ साली त्यांनी जाहीरपणे सांगितले, की तरुणपणी आपणही मनोरुग्णालयात होतो. हे वाचल्यावर त्यांची कौशल्ये मला अधिक आपली वाटू लागली. नदी उतरून गेलेल्या माणसानेच उतार दाखवावा.

त्यांतले एक कौशल्य म्हणजे उलट कृती. भावना जिकडे ओढते, त्याच्या विरुद्ध दिशेला एक लहानसे पाऊल टाकायचे. अवसाद म्हणतो, पांघरूण ओढून पडून राहा. तेव्हा मी उठून फक्त दात घासते. पुढचे पुढे. उन्माद म्हणतो, सारे घर आत्ताच आवरून काढ. तेव्हा मी खोलीतला दिवा मालवून आडवी होते. दुसरे त्याहूनही साधे. जीव फार घाबरा झाला, की श्वास रोखून गार पाण्याच्या पातेल्यात काही क्षण चेहरा बुडवायचा. त्याने हृदयाचे ठोके मंदावतात. पाण्यात बुडी मारणाऱ्या प्राण्यांचा हा धर्म आपल्याही देहात शिल्लक आहे. (हृदयविकार असलेल्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावे.) तिसरे कौशल्य मला परके वाटलेच नाही. मनात आलेला विचार म्हणजे मी नव्हे. त्याला समोर बसवून त्याची उलटतपासणी करायची. अल्बर्ट एलिस यांनी १९५५ च्या सुमारास विवेकाधिष्ठित उपचाराचा पाया घातला आणि कि. मो. फडके यांनी तो महाराष्ट्रात रुजवला. त्यातही मुख्य काम हेच. पण मनाला 'तू' म्हणून समोर उभे करण्याची रीत आपल्याकडे किती जुनी आहे! समर्थांचे २०५ मनाचे श्लोक हा मनाला उद्देशून केलेला उपदेशच आहे. मी लहानपणी ते पाठ केले होते. उपयोगाला आले ते चाळिशीच्या आसपास.

आणि माझी रोजकीर्द. दुकानदार रोजच्या जमाखर्चासाठी ठेवतो तशी एक वही. रोज रात्री त्यात चारच नोंदी: झोप किती तास, मन उणे पाचपासून अधिक पाचपर्यंत कुठे, औषध घेतले की नाही, आज कोणाशी बोलले. या आजारात झोप हा मोठा दूत आहे. सलग दोन रात्री चार तासांवर भागले आणि तरी सकाळी उत्साह ओसंडतो आहे असे वहीत दिसले, की मी आनंदून जात नाही. डॉक्टरांची वेळ मागून घेते.

आता निर्मितीविषयी. मराठीची अध्यापिका म्हटल्यावर ओळखीचे लोक हळूच विचारतात, 'म्हणजे त्या अवस्थेत तुम्हाला खूप सुचत असेल, नाही?' प्रतिभा आणि उन्माद ही जुळी भावंडे, हा समज फार जुना. स्वतः हाच आजार असलेल्या केय रेडफील्ड जॅमिसन या मानसशास्त्रज्ञ विदुषींनी १९९३ साली कलावंतांचे स्वभाव आणि हा आजार यांच्या संबंधावर ग्रंथ लिहिला आणि १९९५ साली स्वतःची कहाणीही सांगितली. पण औषध सोडून प्रतिभा जपा, असे काही त्यांनी सांगितलेले नाही. माझा अनुभव तर फारच गद्य आहे. एकदा चार रात्रींत मी ऐंशी पाने कविता लिहिली. बरी झाल्यावर वाचल्या, तर त्यांत तीन ओळी जगण्याजोग्या होत्या. नेमस्त झोप घेऊन, सकाळी सात ते आठ या वेळात, रोज एक पान लिहिण्याने मला यापेक्षा पुष्कळ अधिक दिले आहे.

पण अवसादात ते एक पानही होत नाही, तेव्हा काय करायचे? याचे उत्तर मला सासूबाईंकडे सापडले. त्यांना जात्यावरच्या ओव्या पाठ आहेत. माझे शब्द वाळून गेले, की मी त्यांच्यापुढे वही घेऊन बसते. त्या सांगतात आणि मी उतरून घेते. स्वतःचे काही सुचण्याची सक्ती नाही, हात मात्र चालू राहतो. हेमा राइरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या खटपटीतून अशा लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह झाला आहे. माझी वही त्यापुढे चिमूटभर. तरी लिहिता लिहिता मला एक उमगले. पहाटे जात्याशी बसलेल्या बाईला समुपदेशक कुठला मिळणार? तिने आपली सल दगडाला सांगितली, आणि सांगताना तिला छंदात बसवावी लागली. सल छंदात बसली, की तिला कडा येतात. मग ती सारे आकाश व्यापीत नाही.

राहिली श्रद्धा. सासूबाई वारकरी, आणि आमच्या घरात आषाढीला पाणीही न घेण्याची रीत. मघा म्हटलेला पेच तो हाच. निर्जळी उपास आणि लिथियम यांचे जमणे शक्य नाही. हे त्यांना सांगायचे कसे, या विचारानेच मी अर्धी झाले होते. त्यांनी सारे शांतपणे ऐकून घेतले आणि तांब्या माझ्यापुढे सरकवला. "अगं, विठोबा इतकी युगं विटेवर उभा आहे. तुझ्या घोटभर पाण्यानं तो काही खाली बसायचा नाही. पी." जागरालाही मी दहा वाजता उठते, पहिला अभंग माझा, पुढचे इतरांचे.

श्रद्धेच्या बाबतीत मी एक खूणगाठ बांधली आहे. उन्मादात देव फार बोलका होतो. तो मला एकटीलाच निवडतो, आज्ञा देतो, घाई करतो. बरी असते तेव्हाचा माझा विठ्ठल मुका आहे. कमरेवर हात ठेवून तो नुसता उभा असतो आणि मी बसून राहिले तरी त्याची हरकत नसते. ज्या दिवशी तो बोलू लागतो, त्या दिवशी मी डॉक्टरांना फोन करते. यात मला देवाचा अपमान वाटत नाही.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून अमलात आला. पुढे आजार बळावला तर आपल्यावर कसे उपचार व्हावेत आणि कसे होऊ नयेत, हे शहाणपण जागे असताना लिहून ठेवण्याचा हक्क त्याने दिला आहे. मी ते लिहिले आहे. 'ह्यांनी' आणि सासूबाईंनी ते वाचले आहे. आणि ज्यांच्याजवळ आज असे कोणी नाही, त्यांच्यासाठी १० ऑक्टोबर २०२२ पासून सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा आहे, क्रमांक १४४१६. रात्री-अपरात्रीही, आणि मराठीत बोलता येते.

मी बरी झाले आहे का? मधुमेही माणूस जितका बरा होतो, तितकी झाले आहे. दोनदा रुग्णालयात जाऊन आले, तासही घेते आहे, उत्तरपत्रिकाही तपासते आहे. तेव्हा या दिवाळीत तुमच्या घरातले कोणी फराळाला बाहेर येत नसेल, आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडले असेल, तर त्याला 'सणासुदीचे काय हे!' म्हणू नका. बशीत दोन शंकरपाळे घालून आत न्या, शेजारी बसा आणि फार बोलू नका. त्याने ते खाल्ले नाहीत तरी चालेल. त्याच्या रोजकीर्दीत, 'आज कोणाशी बोलले' या रकान्यात, तुमचे नाव जमेच्या बाजूला पडेल.