विमानाचा कल

ज्वारीची काढणी आटोपल्यावर कोहिनूरच्या मोकळ्या रानात माझा पुतण्या आपले छोटे विमान उडवू लागला. बिदरच्या तळावर हवाई दलाचे वैमानिक धडे गिरवितात. १९९६ साली तेथेच स्थापन झालेल्या सूर्यकिरण पथकाच्या कसरतींनी त्याला हे वेड लावले. रेडिओलहरींवर चालणारे ते शिकाऊ विमान सारखे डावीकडे कले, आणि तो हातातील यंत्रावरची ‘ट्रिम’ची कळ उजवीकडे सरकवीत राही.

“काका, आता कळ सरकायला जागाच उरली नाही,” तो एके दिवशी म्हणाला.

वकिली सवयीने मी उलटतपासणी आरंभिली. मोटार बंद केल्यावरही ते कलते काय? नाही; तेव्हा सरळ तरंगत येते. म्हणजे पंख निर्दोष. दोष मोटारीच्या रोखात. फिरत्या पंख्यामुळे विमान डावीकडे ओढले जाते, म्हणून मोटार दोनतीन अंश उजवीकडे रोखून बसवावी लागते. तिच्या बैठकीखाली डाव्या अंगाला आम्ही दोन चकत्या घातल्या, कळ मध्यावर आणली. विमान सरळ गेले.

परतताना मी मात्र अस्वस्थ होतो. थोरले बंधू गेल्यापासून हा मुलगा अबोल झाला होता, अभ्यासात मागे पडला होता. आणि मी प्रत्येक वेळी एकेक उपदेश करून नुसती कळ सरकवीत आलो होतो. ओढ कोठली आहे, हे कधी विचारलेच नव्हते.

त्या संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी त्याला त्याच्या वडिलांविषयी बोलू दिले. दिवेलागण होऊन गेली, तरी आम्ही उठलो नाही.